ना अध्यक्ष, ना वर्गणी, ना आडनाव

प्रश्न : आमचे धाकटे दीर पूर्वी फार प्यायचे. सात वर्षांपूर्वी कुणाच्या तरी सांगण्यावरून ‘एए’च्या मीटिंगला जाऊ लागले आणि तेव्हापासून थेंबाला शिवलेले नाहीत. घरात सगळ्यांना आनंदच आहे. पण काही गोष्टींचा उलगडा होत नाही. ही संस्था नेमकी कुणाची? फी नाही, पावती नाही, अध्यक्ष कोण विचारलं तर ‘कुणीच नाही’ म्हणतात. आडनावं का सांगत नाहीत? शेजारचे काका म्हणतात, मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये भरते म्हणजे हा धर्मांतराचाच प्रकार. आणि सात वर्षं न पिणारा माणूस आजही स्वतःला अल्कोहोलिक का म्हणवून घेतो? ता. क. : इतकं सगळं चांगलं चाललेलं असताना गुरुवार आला, दीर मीटिंगला निघाले, की आमच्या जाऊबाई धुसफुसतात. हे काय गौडबंगाल आहे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : एका पत्रात तुम्ही पाच-सहा प्रश्न घातलेत, आणि खरी गंमत ताज्या कलमातच आहे. पण तिथवर क्रमाक्रमाने जाऊ. ‘एए’ म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, अनामिक मद्यपींचा मेळ. तो कुणाचा हे कळायला 1935 सालच्या अमेरिकेत जावं लागतं.

न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात बिल विल्सन नावाचा एक हुशार माणूस होता. कंपन्यांची आतली माहिती काढून गुंतवणूकदारांना सल्ला देणं हा त्याचा धंदा. 1929 साली बाजार कोसळला तेव्हा बिल आधीच पुरता पिण्याच्या आहारी गेलेला होता. पुढे बायको लोईस दुकानात नोकरी करून घर चालवायची आणि हा ब्रुकलिनच्या घरात बसून प्यायचा. टाउन्स नावाच्या इस्पितळात त्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथले डॉ. विल्यम सिल्कवर्थ मोठे समजूतदार होते. त्यांनी बिलला सांगितलं की हा तुझा नालायकपणा नाही, आजार आहे. पहिल्या घोटानंतर तुझं शरीर थांबू देत नाही आणि न पिताना तुझं मन तो पहिला घोट विसरू देत नाही. त्या काळी बहुतेक सगळे दारुड्याला ‘मनावर घे’ एवढंच सांगत, तेव्हा असं बोलणारा डॉक्टर विरळाच.

1934च्या नोव्हेंबरात एबी थॅचर हा बिलचा जुना सोबती घरी आला. एबी बिलइतकाच अट्टल. बिलने मोठ्या उत्साहाने जिन आणि अननसाचा रस पुढे केला, तर पाहुणा नको म्हणाला. तो ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या एका ख्रिस्ती चळवळीत जाऊ लागला होता आणि सध्या तरी शुद्धीवर होता. बिलला आश्चर्य वाटलं, थोडा हेवाही. डिसेंबरात तो पुन्हा टाउन्समध्ये भरती झाला, तिथे त्याला एक विलक्षण आध्यात्मिक अनुभव आला आणि तो पुन्हा प्याला नाही. त्या दिवसांत त्याला बेलाडोनाची औषधं चालू होती, त्यामुळे अनुभव देवाचा की औषधाचा यावर लोक आजही वाद घालतात. घालोत बापडे. दारू सुटली एवढं नक्की.

मग नव्याने शहाणा झालेला माणूस जे करतो तेच बिलने केलं. दिसेल त्या दारुड्याला गाठून उपदेश. पाच-सहा महिने हे चाललं आणि एकही जण सुधारला नाही. तो वैतागला तेव्हा लोईसने लक्षात आणून दिलं की एक जण मात्र राहिलाय ना न पिता, तू स्वतः. सिल्कवर्थनी दुसरी गोष्ट सांगितली. देवाचं प्रवचन नंतर, आधी आजाराचं सांग.

या दोन वाक्यांचा उपयोग 1935च्या मे महिन्यात झाला. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन या टायरच्या कारखान्यांच्या गावी बिल एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या भांडणात गेला होता. डाव फसला, सोबतचे लोक परत गेले, आणि खिशात जेमतेम दहा डॉलर घेऊन हा मेफ्लॉवर हॉटेलात एकटा उरला. शनिवारची दुपार. लॉबीच्या एका टोकाला बार, हसण्याचे आवाज. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि भिंतीवर गावातल्या चर्चची यादी. बिलला भीती वाटली ती पिण्याची. आपण वाचायचं तर दुसरा कुणी दारुडा बोलायला हवा, एवढं त्याला कळलं होतं. त्याने यादीतल्या एका पाद्र्याला फोन लावला, त्या पाद्र्याने आणखी काही नावं दिली, आणि फोन करता करता तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. त्यांच्या ओळखीत एक सर्जन होते, बुडत चाललेले.

हे डॉ. बॉब स्मिथ. त्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. ती आली तेव्हा डॉक्टरांना वाटलं, चला, सुटलो. पण सरकारने औषधी कामासाठी डॉक्टरांना मद्यार्काची मुभा ठेवली होती. टेलिफोनच्या पुस्तकातून कुठलंही नाव उचलायचं आणि त्या नावाने चिठ्ठी लिहायची अशी युक्ती डॉक्टरमंडळींत चालत असे. थोडक्यात, बंदी आली आणि बॉबची दारू वाढली. हेन्रिएटाबाईंनी त्या शनिवारीच बोलावलं तेव्हा डॉक्टरांची पत्नी अ‍ॅन हिला सांगावं लागलं की आज जमणार नाही. मातृदिनाची भेट म्हणून डॉक्टरांनी कुंडीतलं रोप आणलं होतं. रोप टेबलावर होतं आणि डॉक्टर टेबलाखाली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पाचला, डॉ. बॉब आले ते ‘पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही’ असं बजावूनच. हात थरथरत होते. निघाले ते रात्री सव्वाअकराला. बिलने उपदेश केला नाही. आपण काय काय केलं, कसं खोटं बोललो, कसं लपवलं ते सांगितलं. शिवाय हेही सांगितलं की मी तुझ्या उपकारासाठी आलेलो नाही, मला न पिण्यासाठी तुझी गरज आहे. आयुष्यभर डॉक्टरांना लोकांनी समजावलं होतं. गरज आहे म्हणून आलेला हा पहिलाच.

जूनमध्ये अ‍ॅटलांटिक सिटीला वैद्यकीय परिषदेला जाऊन डॉक्टर एकदा घसरले. परतल्यावर एका शस्त्रक्रियेच्या सकाळी हात स्थिर राहावा म्हणून बिलनेच त्यांना बिअरची बाटली दिली. ती त्यांची शेवटची दारू. तो दिवस 10 जून 1935 मानतात आणि तोच एएचा वाढदिवस. परिषदेच्या तारखा ताडून पाहणारे काही अभ्यासक म्हणतात, दिवस 17 जून असला पाहिजे. दारुड्याच्या आठवणीवर लिहिलेल्या इतिहासात आठवड्याची चूक म्हणजे फार नाही.

लवकरच दोघे अ‍ॅक्रनच्या इस्पितळात खाटेला बांधलेल्या एका वकिलाला जाऊन भेटले आणि तिघे झाले. 1939च्या एप्रिलमध्ये शंभरेक जणांच्या अनुभवावर एक पुस्तक निघालं. त्यात दारूतून बाहेर पडायच्या, डिसेंबर 1938मध्ये बिलने लिहिलेल्या बारा पायऱ्या होत्या. पुस्तकाला आधी दुसरंच नाव द्यायचं घाटत होतं, पण त्या नावाची बारा पुस्तकं अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात आधीपासून पडून होती. तेव्हा ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ठरलं आणि पुस्तकाचंच नाव संघटनेला पडलं. कागद इतका जाड वापरला होता की सगळे त्याला ‘बिग बुक’ म्हणू लागले. दोन वर्षं ते पडूनच राहिलं. मग 1 मार्च 1941च्या ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात मोठा लेख आला, आणि वर्षाअखेर दोन हजारांचे आठ हजार सभासद झाले. आज सुमारे 180 देशांत मिळून वीस लाखांच्या घरात सभासद आहेत.

आता तुमचा खरा प्रश्न. हे चालवतं कोण?

बहुतेक संस्थांत घटना आधी लिहितात आणि भांडणं नंतर होतात. इथे उलटा क्रम झाला. आधी दहा वर्षं वाटेल तशी भांडणं, फजिती, पैशाचे मोह, मोठेपणाची हाव असं सगळं होऊन गेलं. मग बिलने त्यातून बारा परंपरा काढल्या, त्या 1946 साली एएच्या मासिकात छापल्या आणि 1950च्या जुलैत क्लीव्हलंडच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनाने त्या मान्य केल्या. बारा पायऱ्या माणसाला सांभाळतात आणि बारा परंपरा गटाला. प्रत्येक परंपरेमागे कुठली तरी ठेच आहे. दोन-तीन सांगतो.

पैशाची ठेच आधी. सुरुवातीला बिलला वाटे, आपण दारुड्यांची इस्पितळं काढू, पगारी प्रचारक नेमू, त्याला लाखो डॉलर लागतील. ते कुणाकडे असणार? धाकट्या जॉन रॉकफेलरकडे. ओळख काढली, माणसं गेली, अहवाल गेला. रॉकफेलरला काम मनापासून आवडलं, आणि नेमकं म्हणूनच त्याने मोठी रक्कम नाकारली. पैशाने हे नासेल असं त्याचं मत पडलं. 1938 साली पाच हजार डॉलर दिले, तेही मुख्यतः डॉ. बॉबच्या घरावरचं कर्ज फिटावं आणि दोघांचं घर चालावं म्हणून. 1940च्या फेब्रुवारीत त्याने न्यूयॉर्कच्या धनिकांना एएसाठी जेवायला बोलावलं तेव्हा बिलच्या आशा पुन्हा पालवल्या. स्वतः रॉकफेलर आजारी पडला, मुलगा नेल्सन उभा राहिला आणि म्हणाला की या कामाचं बळ एकाने दुसऱ्याला फुकट सांगण्यात आहे, त्याला आपल्या पैशाची गरज नाही. टाळ्या झाल्या आणि अब्जावधींची धनदौलत कोट चढवून घरी निघून गेली. त्या रात्री एएवाल्यांना काय वाटलं असेल ते असो, आज ते त्याचे आभार मानतात.

म्हणून तुमच्या दिरांच्या मीटिंगमध्ये एक पिशवी किंवा टोपली फिरते, तीत ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, न टाकले तर कुणी बघत नाही. त्यातून हॉलचं भाडं, चहा, पुस्तिका. बाहेरच्याकडून देणगी घेत नाहीत. सरकारी अनुदान नाही, कंपनीचा निधी नाही. मृत्युपत्रात ठेवलेली मोठी रक्कमही त्यांनी पूर्वी एकदा परत केलेली आहे. आपल्याकडे देणगीच्या पाटीवर नाव कुठल्या ओळीत यावं यावरून ट्रस्ट फुटतात. इथे पाटीच नाही.

दुसरी ठेच पोटापाण्याची. बिलच्या घरी खायची भ्रांत होती तेव्हा टाउन्स इस्पितळाच्या मालकाने त्याला पगारी समुपदेशकाची नोकरी देऊ केली. बिल हुरळून घरी आला. त्या संध्याकाळी त्याच्या बैठकीच्या खोलीत जमलेल्या सभासदांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे नाही म्हटलं. तुम्ही पैसे घेऊन सांगू लागलात तर आमच्या सांगण्यात आणि तुमच्या सांगण्यात फरक पडेल, असं त्यांचं म्हणणं. संस्थापकाने मान तुकवली. म्हणूनच एएत शेवटचा शब्द गटाचा असतो. गटाचा सचिव असतो, पण त्याने खुर्च्या लावायच्या, चहाचं बघायचं, आणि मुदत संपली की पायउतार व्हायचं. न्यूयॉर्कला विश्वस्त मंडळ आहे, भारताचं सेवा कार्यालय मुंबईत आहे. पण यांपैकी कुणीही मिरजेच्या गटातल्या एकालाही काढून टाकू शकत नाही. गंमत म्हणजे न्यूयॉर्कच्या 21 विश्वस्तांत सात जण मुद्दाम कधीच मद्यपी नसलेले घेतात.

तिसरी सभासदत्वाची. सुरुवातीला गावोगावच्या गटांनी कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही याचे नियम केले. भिकारी नको, तुरुंगातून सुटलेला नको, वेड्यांच्या इस्पितळातला नको. हे नियम मुख्य कार्यालयात गोळा करून पाहिले तेव्हा लक्षात आलं की ते सगळे एकदम लागू केले तर जगात एकालाही एएत शिरता येणार नाही. शेवटी एकच अट ठेवली, दारू सोडायची इच्छा. सोडलेली असणं ही अट नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. पिऊन आलेला माणूसही मागच्या बाकावर गप्प बसू शकतो. अशाच एका गावच्या गटाने तर क्लब, इस्पितळ, शिक्षणकेंद्र असा थाटमाट करायला घेतला आणि 61 कलमांची नियमावली लिहिली. सगळं कोसळल्यावर नियमावलीच्या कर्त्याने बासष्टावं कलम छापून सगळ्या गटांना पाठवलं. त्याचा आशय असा की बाबांनो, स्वतःला फार मोठं समजू नका. ‘बासष्टावा नियम’ हा शब्दप्रयोग एएत आजही चालतो.

आणि एक ठेच तर त्यांच्या आधीच्या पिढीला लागलेली. 1840 साली बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात बसलेल्या सहा जणांनी दारू सोडायची शपथ घेतली आणि वॉशिंग्टोनियन नावाची चळवळ सुरू केली. तीही एका दारुड्याने दुसऱ्याला सांगण्याचीच. काही वर्षांत लाखो लोक जोडले गेले. मग पुढारी शिरले, दारूबंदीचं राजकारण शिरलं, इतर सुधारणांवरून गट पडले, आणि चळवळ जशी आली तशी विरली. यावरून शहाणं होऊन एएने ठरवलं की बाहेरच्या कुठल्याही वादावर आपलं मत नाही. दारूबंदीवरसुद्धा नाही.

हे आपल्याकडे अनेकांना पटत नाही. दारुड्यांची संघटना आणि दारूबंदीला पाठिंबा नाही? पण बघा, 1957 साली दिल्लीत नोकरीनिमित्त आलेल्या एका कॅनेडियन सभासदाच्या खटपटीने मुंबईत एए सुरू झाली, तेव्हा मुंबई राज्यात 1949च्या कायद्याची कडक दारूबंदी होती. परवान्याशिवाय घोट घेणं गुन्हा. दारू बंद असलेल्या शहरात दारू न सुटणारे लोक भेटलेच. अ‍ॅक्रनच्या डॉक्टरांनी आधी जे अनुभवलं होतं तेच. बायाबापड्यांनी बाटली आडवी करण्यासाठी केलेले लढे वेगळे, आणि मोलाचे. फक्त ते एएचं काम नाही.

नावं लपवण्याचं कोडं आता सोपं होईल. सुरुवातीला कारण साधं होतं, नोकरी जाईल, अब्रू जाईल ही भीती. नव्या माणसाला आजही ते कवच लागतं. आपल्या गावात तर ‘फलाण्याचा मुलगा तिथे दिसला’ एवढं पुरे. पण 1940 साली रॉली हेम्सली नावाच्या प्रसिद्ध बेसबॉलपटूने वर्तमानपत्रांत जाहीर केलं की मला एएने वाचवलं. नवे लोक आले, सगळे खूश. मग बिललाही फोटो आणि नावासह मुलाखती द्यायची चटक लागली. लवकरच दोन गोष्टी दिसल्या. नामांकित माणूस पुन्हा प्याला की लोक म्हणतात, बघा, एए फुकट आहे. आणि टाळ्या ऐकलेल्या माणसाला आपण इतरांपेक्षा वेगळे वाटू लागतो, जी दारूकडे परतायची हमखास वाट. म्हणून वृत्तपत्र, रेडिओ, चित्रपट यांत आडनाव आणि चेहरा नाही, अशी परंपरा झाली. 1954 साली येल विद्यापीठाने बिलला मानद डॉक्टरेट देऊ केली, ती त्याने नाकारली. त्याचं पूर्ण नाव एएचा संस्थापक म्हणून सर्वदूर छापून आलं ते 1971 साली, मृत्युलेखात.

तेव्हा काळंबेरं काही नाही. उलट गटात सगळे एकमेकांना घरदारासकट ओळखत असतात. डॉ. बॉब तर म्हणत की नाव लपवण्याचा अतिरेक करणंही चूक, कारण मग अडलेल्या दारुड्याला तुम्ही सापडणारच नाही. तुमच्या दिरांनी घरात, मित्रांत आपण एएत जातो हे सांगितलं तर नियम मोडत नाही. दुसऱ्या कुणाचं नाव सांगितलं तर मात्र मोडतो.

शेजारच्या काकांचं म्हणणं अर्धवट इतिहासावर उभं आहे. ऑक्सफर्ड ग्रुप ख्रिस्ती होता, आणि चुका कबूल करणं, नुकसान भरून देणं, ध्यान-प्रार्थना हे एएने तिथूनच उचललं. पण न्यूयॉर्कचे सभासद 1937 सालीच त्यातून वेगळे झाले, अ‍ॅक्रनचे 1939च्या सुमारास. पायऱ्या लिहिताना गटातल्या नास्तिकांनी जोरदार भांडण केलं आणि देव शब्दापुढे ‘ज्याला जसा समजेल तसा’ अशा अर्थाची जोड घालून घेतली. गुडघे टेकण्याचा उल्लेख कापला गेला. आज कुणाचा देव विठ्ठल असतो, कुणाचा अल्ला, आणि कित्येकांचा तो गटच असतो. चर्चच्या हॉलचं कारण भाड्याचं. चर्च स्वस्तात जागा देतं, तशी पालिकेची शाळाही देते. देवाच्या उल्लेखाने खरोखरच अवघडणारे लोक असतात, त्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. पण धर्मांतर हा आरोप टिकत नाही. तिथे तर तुमच्या दिरांना धर्म विचारतही नाहीत.

‘मी अल्कोहोलिक आहे’ हे सात वर्षांनीही का? मधुमेहाची साखर वर्षानुवर्षं ताब्यात असली तरी माणूस ‘माझा मधुमेह गेला’ म्हणून जिलबीच्या ताटावर बसत नाही. सिल्कवर्थचं म्हणणं हेच होतं. न पिणं साधतं, मर्यादेत पिणं पुन्हा साधत नाही. पुरावा हवा तर बिलचाच आहे. सिगारेटपायी फुप्फुसं निकामी होऊन तो मरणाला टेकला होता. तेव्हा, 36 वर्षं थेंब न घेतलेल्या त्या माणसाने सेवेतल्या नर्सकडे व्हिस्की मागितली, एकदा नव्हे, अनेकदा, आणि ती त्याला मिळाली नाही. ही नोंद पुढे त्याच्या चरित्रात छापली गेली. काहींना त्याने धक्का बसला. मला तर त्यातच दिरांच्या त्या वाक्याचा अर्थ सापडतो. म्हणूनच ‘कायमची सोडली’ अशी शपथ तिथे घेत नाहीत. ‘फक्त आजचा दिवस’ एवढंच ठरवतात, आणि उद्या पुन्हा तेच.

याचा उपयोग किती, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगून टाकतो. बराच काळ डॉक्टर साशंक होते. वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2006च्या आढाव्यात पक्का निष्कर्ष निघाला नव्हता. 2020 साली त्यांनी 27 अभ्यास आणि 10,565 लोकांची माहिती तपासली. तेव्हा पूर्ण दारू सोडण्याच्या बाबतीत, माणसाला पद्धतशीरपणे एएकडे वळवणारे उपचार हे इतर नामांकित मानसोपचारांच्या तोडीस तोड, काही बाबतींत सरस ठरले. म्हणजे सगळ्यांना लागू पडतं असं नाही. कुणाला औषधं लागतात, कुणाला समुपदेशन, कुणाला भरती व्हावं लागतं. एए इस्पितळ नाही आणि पुण्याच्या ‘मुक्तांगण’सारखं व्यसनमुक्ती केंद्रही नाही. ‘मुक्तांगण’ अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी 1986 साली काढलं. तिथे डॉक्टर असतात, उपचार असतात. एएत असतो फक्त बोलणारा आणि ऐकणारा, दोघेही एकाच दुखण्याचे. एक इशारा मात्र लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. तेव्हा आधी डॉक्टर, मग मीटिंग, किंवा दोन्ही बरोबर.

उरली जाऊबाईंची धुसफुस. त्यांना सांगा, तुम्ही थोरामोठ्यांच्या पंगतीत आहात. बिलने दारू सोडल्यावर काही काळाने एका संध्याकाळी त्याने लोईसला हाक मारली, चल लवकर, मीटिंगला उशीर होतोय. लोईसने हातातला बूट त्याच्या दिशेने भिरकावला आणि त्या मीटिंगांना एक सणसणीत शिवी हासडली. मग तीच थबकली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं, तर हा राग कसला? विचार करता तिला उमगलं की सतरा वर्षं या माणसाला सांभाळणं, त्याच्यासाठी खोटं बोलणं, पैसे जमवणं हेच तिचं आयुष्य झालं होतं. तिच्या काळजीने जे झालं नाही ते बाहेरच्या दारुड्यांनी केलं, आणि नवरा पूर्वी बाटलीजवळ असायचा तो आता त्यांच्याजवळ असायचा. घरी ती होती तिथेच.

तोवर मीटिंगच्या वेळी बायका स्वयंपाकघरात चहा करत, बाहेर गाडीत वाट बघत बसत, आणि आपसांत बोलत. त्या बोलण्यातून लोईसने अ‍ॅन नावाच्याच दुसऱ्या एका मैत्रिणीबरोबर 1951 साली ‘अल-अनॉन’ उभं केलं, मद्यपींच्या घरच्यांसाठी. पायऱ्या आणि परंपरा जवळपास त्याच, संघटना मात्र अगदी स्वतंत्र. ज्या घरात अजून पिणं चालू आहे तिथल्यांनाही येता येतं, नवऱ्याने सोडलेली असली पाहिजे अशी अट नाही. किशोरवयीन मुलांसाठी 1957 पासून ‘अलाटीन’ आहे. आपल्याकडच्या मोठ्या शहरांत अल-अनॉनचे गट आहेत. जवळचा कुठला ते दिरांच्या गटात विचारलं की कळेल. आणि तुम्हाला स्वतःला उत्सुकता असेल तर त्यांची एखादी ‘ओपन मीटिंग’ कधी आहे तेही विचारून घ्या. ‘क्लोज्ड मीटिंग’ फक्त ज्याला दारू सोडायची आहे त्याच्यासाठी असते, ओपनला कुणीही बसू शकतं. वाढदिवसाची मीटिंग असेल, म्हणजे कुणाला न पिता वर्ष पुरं झालेलं असेल, तर केकही मिळेल.